भट्टीवरची शाळकरी पोर

भातकापणी उरकली की आमच्या पनवेलच्या बाजूला वीटभट्ट्या लागतात. कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच. मी शेतीखात्याचा माणूस. खाचराची कसदार माती विटांना विकू नका, हे सांगायला गेलो होतो. जमीनमालकाने ऐकले नाही, ती गोष्ट वेगळी.

विटा पाडणाऱ्या बाईला विचारले, "मुलं किती?"

"दोन. बारका हा इथं. मोठी वाडीवर आजीपाशी, शाळा बुडते म्हणून."

"मग इथल्या शाळेत घाला की!"

"दाखला मागतात, साहेब."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. सरपंचबाईंना घेऊन शाळेत गेलो. पोरीचे नाव लागले. बारक्याचे त्यांनी अंगणवाडीत घातले. परत जाताना शिक्षण हमी पत्रक न्यायचे, म्हणजे वर्ष बुडत नाही. ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसदेने भोंगाशाळा काढून शाळाच भट्टीवर नेली होती. इथे निदान दार उघडले.

पुढच्या खेपेला पोर भोंग्यासमोर पाढे म्हणत होती. आजी मात्र आता वाडीवर एकटी. तिचे रेशन कोण आणून देते, ते पाहायला सोमवारी जायचे आहे.