काळ्या मातीचे दोन मुलूख

आमच्या घरीं एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. खामगांवापासून पांच कोसांवरील आमचा चौसोपी वाडा पणजोबांनीं बांधला, तो "अमेरिकेच्या लढाईच्या सालांत". लढाई अमेरिकेंत आणि वाडा वऱ्हाडांत, हा संबंध लहानपणीं मला मोठ्या नवलाचा वाटे. पुढें शिक्षक झाल्यावर इतिहासाच्या तासाला मी तो मोठ्या ऐटीनें सांगूं लागलों. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांचें यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हां त्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचा भाव आकाशास भिडला. वऱ्हाडच्या काळ्या मातीचें सोनें झालें. त्या सोन्यांतून आमच्या वाड्याचे सागवानी खांब उभे राहिले. ती लढाई ज्या मुलखापायीं पेटली, तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र मला सेवानिवृत्तीनंतरच आला.

माझा धाकटा चिरंजीव अटलांटा शहरीं नोकरीस आहे. आम्ही उभयतां त्याच्याकडे राहावयास गेलों असतां, ऑक्टोबरांतील सुटी साधून तो मला मोटारीनें शेजारच्या अलाबामा संस्थानांत घेऊन गेला. अटलांटाहून नैर्ऋत्येस सुमारें १६० मैलांवर माँटगोमेरी ही त्या संस्थानाची राजधानी आहे. वाटेवर टस्कीगी गांवीं बुकर वॉशिंग्टन यांनीं १८८१ पासून चालवून नांवारूपास आणलेली सुप्रसिद्ध शिक्षणसंस्था लागते. गुलामगिरींत जन्मलेल्या या पुरुषानें आपल्या आत्मचरित्रांत एक मार्मिक नोंद केली आहे. या भागास 'काळा पट्टा' म्हणतात. तें नांव प्रथम मातीच्या रंगावरून पडलें. पुढें जेथें जेथें काळ्या लोकांची संख्या गोऱ्यांहून अधिक, त्या त्या भागास तेंच लागूं झालें. भूगोलांतील शब्द समाजाचा कसा झाला, हें उमगलें म्हणजे या मुलखाचा अर्धा इतिहास समजला.

रस्त्याच्या कडेला उतरून मीं एक ढेकूळ हातीं घेतलें. बोटांत चुरडलें आणि क्षणभर आपण घरच्या शेतांत उभे आहों असा भास झाला. आमची काळी ज्वालामुखीच्या खडकापासून झाली. येथील माती कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या समुद्राच्या तळाशीं बसलेल्या खडूच्या थरावर घडली. जन्म निराळा, परंतु स्वभाव एकच. पावसांत फुगावें, उन्हांत भेगाळावें, आणि कापसाला आईसारखें पोसावें.

असो. या मातीवर आरंभीं मस्कोगी नांवाच्या मूळच्या रहिवाशांची वस्ती होती. १८१४ च्या तहानें त्यांचा मोठा मुलूख गेला आणि १८३६ सालीं उरलेल्यांना सैन्याच्या पहाऱ्यांत पश्चिमेकडे हांकून देण्यांत आलें. तत्पूर्वींच, १७९३ सालीं, एली व्हिटनी यानें आंखूड धाग्याच्या कापसांतून सरकी काढण्याचें यंत्र बनविलें होतें. यंत्रानें कष्ट कमी होतील असें आपणांस वाटतें. येथें उलटें झालें. सरकी झटपट निघूं लागली, तेव्हां कापूस जितका पिकवावा तितका थोडा पडूं लागला, आणि तो लावावयास व वेंचावयास माणसें हवीं झालीं. आफ्रिकेंतून गुलाम आणण्यास १८०८ पासून कायद्यानें बंदी झाली होती. म्हणून व्हर्जिनिया, मेरिलंड इत्यादि जुन्या भागांतून सुमारें दहा लक्ष माणसें दक्षिणेकडे विकलीं गेलीं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मूल तिसरीकडे! १८६० च्या शिरगणतींत अलाबामाची लोकसंख्या सुमारें ९ लक्ष ६४ हजार भरली. त्यांतील ४ लक्ष ३५ हजार माणसें दुसऱ्यांच्या मालकीचीं होतीं.

माँटगोमेरीस एक चौक आहे. मध्यें सुंदर कारंजें, भोंवतीं जुन्या इमारती. या चौकांत माणसांचे लिलांव होत. येथल्याच एका इमारतींतून एप्रिल १८६१ मध्यें सम्टर किल्ल्यासंबंधींची तार सुटली आणि युद्धास तोंड लागलें. पुढें १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स ही शिवणकाम करणारी बाई याच चौकांत बसमध्यें चढली, आणि गोऱ्या उतारूसाठीं जागा सोडावयास तिनें नकार दिला. त्यानंतर ३८१ दिवस काळ्या लोकांनीं बसवर बहिष्कार घातला. कोसकोस पायीं चालले, परंतु हटले नाहींत. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचें देवालय तेथून हांकेच्या अंतरावर आहे. शहरांतील एका टेकडीवर २०१८ सालीं उघडलेलें एक स्मारक आहे. तेथें गंजक्या पोलादाचे आठशेंहून अधिक ठोकळे छतास टांगले आहेत. जमावानें ठार मारलेल्यांचीं नांवें त्यांवर कोरलीं आहेत, एकेका तालुक्यास एकेक ठोकळा. १८७७ ते १९५० या काळांतील अशा ४४०० हून अधिक बळींची तेथें गणना आहे. ठोकळ्यांखालून चालतांना मान वर करावी लागते. मला ती फार वेळ वर ठेववली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सेल्माच्या रस्त्यास लागलों. १९६५ च्या मार्चमध्यें मताच्या हक्कासाठीं निघालेले लोक हाच ५४ मैलांचा रस्ता चालून आले. तत्पूर्वीं ७ तारखेस सेल्माच्या पुलावर पोलिसांनीं त्यांस झोडपून काढलें होतें. मध्यें लाउंड्स परगणा लागतो. १९६५ च्या आरंभीं तेथें दर पांच माणसांत चार काळीं होतीं. परंतु मतदारांच्या यादींत काळा मनुष्य एकही नव्हता.

येथें वाचक विचारील, गुलामगिरी १८६५ सालीं संपली ना? मग शंभर वर्षें हे लोक तेथेंच कसे राहिले? शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं हा प्रश्न स्वतःस घातला आणि उत्तर फारसें दूर नव्हतें. माणसें सुटलीं, जमीन सुटली नाहीं. युद्धाच्या अखेरीस जॉर्जिया व साउथ कॅरोलिना यांच्या किनाऱ्यावर मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकर देण्याचा हुकूम एका सेनापतीनें काढला होता. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं तो फिरविला आणि जमीन जुन्या मालकांच्या हवालीं केली. मग बी मालकाचें, बैल मालकाचा, दुकान मालकाचें, आणि पीक अर्धेलीनें! वर्षाच्या शेवटीं हिशोब होई, वहीही मालकाचीच. कर्ज फिटत नसे. पुढें १९०१ सालीं अलाबामानें नवी राज्यघटना केली. मतासाठीं डोईपट्टी भरावी, लिहितांवाचतां यावें, अशा अटी घालून काळ्यांचें मत, आणि बऱ्याच गरीब गोऱ्यांचेंही, काढून घेतलें. त्याच घटनेनें जमिनीवरील करास मर्यादा घातल्या. कर थोडा म्हणून शाळेस पैसा थोडा. पुढें न्यायालयांनीं शाळा एकत्र करविल्या, तेव्हां या पट्ट्यांतील गोऱ्या कुटुंबांनीं खाजगी शाळा काढून मुलें तिकडे नेलीं. सरकारी शाळा काळ्यांच्या राहिल्या.

याच संस्थानाच्या उत्तरेस हंट्सव्हिल शहर आहे. तिकडे १९३३ नंतर टेनेसी नदीवर धरणांची सरकारी योजना झाली, वीज आली. १९५० पासून अग्निबाणांचें काम सुरू झालें. आज तें अलाबामांतील सर्वांत मोठें शहर आहे. आणि १८६० सालीं जो पट्टा संस्थानांत सर्वांत धनाढ्य होता, तो आज सर्वांत दरिद्री आहे. शेतांच्या जागीं आतां पाइनचीं झाडें, कुरणें आणि मासे पाळण्याचीं तळीं दिसतात. चांगली माती हेंच त्या मुलखाचें दुर्दैव ठरलें. माती चांगली म्हणून गुलाम आणले, गुलाम आणले म्हणून बाकी कांहींच उभें केलें नाहीं.

लाउंड्समध्यें एका लहानशा देवालयाच्या आवारांत एक ऐंशीच्या घरांतले गृहस्थ भेटले. घराभोंवतालचें सांडपाणी ही जमीन शोषून घेत नाहीं, मैल्याच्या टाक्या तुंबतात, आणि गरिबाला दुसरी सोय परवडत नाहीं, असें ते सांगत होते. आमच्याकडेही अशीच काळी माती व हेंच पीक, असें चिरंजीवानें त्यांस सांगतांच त्यांचा चेहरा खुलला. त्यांनीं मला विचारलें, "तुमच्याकडे कापूस कोण वेंचीत असे?"

मीं सांगितलें, "मजूर बाया."

"आणि जमीन?"

"आमची," मी म्हणालों. ते कांहीं बोलले नाहींत. केवळ मान हालविली आणि मला पाण्याचा पेला पुढें केला.

तो पेला हातीं घेतांना जें आठवलें, तें येथें लिहिलेंच पाहिजे. आमच्या वाड्याच्या मागें विहीर आहे. आमच्या सालगड्याची बायको मडकें घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर बसून राही. घरांतील कोणी येऊन वरून पाणी घालील तेव्हां तिचें मडकें भरे. दहा वर्षांचा असतांना तें काम मजकडे होतें. खेळाच्या नादांत मी तिला तास तास बसवीत असें. तिनें कधीं हांक मारली नाहीं. हांक मारण्याचा तिला अधिकार नव्हता. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं झाला होता. ही गोष्ट १९६८ च्या सुमाराची आहे.

स्वदेशीं परतल्यावर मीं माळ्यावरची पेटी उघडली. वाडिलांनीं लहानपणीं शिकविल्यामुळें मला मोडी वाचतां येते. युद्ध १८६५ सालीं संपलें आणि कापसाचा भाव कोसळला, हें मी वर्गांत शिकवीत असें. त्यानंतर आमच्या घरीं काय झालें, हें कधीं शिकविलें नव्हतें. तेजींत कर्ज काढून बसलेले कुणबी मंदींत बुडाले. पेटींत त्यांचीं गहाणखतें आहेत, मागाहून झालेलीं खरेदीखतें आहेत. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्यानें सहीऐवजीं नांगराची निशाणी करावी अशी तेव्हां रीत होती. कागदामागून कागद उलटीत गेलों. प्रत्येकाच्या तळाशीं तो लहानसा नांगर. पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं, तीं याच जातीचीं. आमचीं शाबूत राहिलीं.

वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. तेथें माणसें समुद्रापलीकडून विकत आणलीं. येथें तीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच गांवांत नांदलीं. हा भेद मला मान्य आहे. परंतु जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलें, हें एका गुणाच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून मीं किती मुलांकडून घोकून घेतलें! त्या अर्पणपत्रिकेचा रोख माझ्या घराकडे होता, हें कळावयास मला अलाबामापर्यंत जावें लागलें. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं तेथील विद्वान पुढारी डू बॉइस यांस पत्र लिहून दोन्ही देशांतील दलितांच्या स्थितींतलें साम्य दाखविलें होतें. ज्यांना तें साम्य सोसावें लागलें, त्यांना तें केव्हांच दिसलें होतें.

कायदा जातो, त्यानें केलेली वांटणी जात नाहीं. ती जमिनींत, शाळेंत आणि विहिरीच्या वाटेंत मुरून राहते, आणि कांहीं पिढ्यांनीं लोक तिलाच निसर्ग म्हणूं लागतात. अमुक मुलूख मागासलेला, अमुक लोक आळशी, असें आपण ओसरीवर बसून सहज बोलतों. त्यापूर्वीं आपापल्या घरची पेटी एकदां उघडून पाहावी, एवढीच वाचकांस विनंति.

दिवाळींत भावंडांचीं नातवंडें वाड्यावर जमलीं होतीं. त्यांनीं नेहमीप्रमाणें अमेरिकेच्या लढाईची गोष्ट मागितली. मीं ती सांगितली, आणि या खेपेस खांबांपाशीं न थांबतां पुढें विहिरीपर्यंत सांगितली. धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, त्या बाईंचें नांव काय होतें?" मला तें ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी काठी घेऊन गांवाच्या पलीकडल्या वस्तींत विचारावयास गेलों.