न सांगता जाणारे भाग

जुनी गाडी लांबच्या प्रवासाला काढायची ठरली, की भेटणारा प्रत्येक जण गाडीविषयी बोलू लागतो; प्रवासाविषयी कोणी काही विचारीत नाही. पुण्याहून तंजावरला गाडीने, आणि तेही एकट्याने जाण्याचा बेत आम्ही जाहीर केला, तेव्हा आमच्याही वाट्याला हेच आले. गाडी २००४ सालची इंडिका, डिझेलवर चालणारी. अंतर एका बाजूने साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. विमान आहे, रेल्वे आहे, हे आम्हांला अनेकांनी समजावून सांगितले. ‘आम्ही’ आणि ‘एकटे’ ही दोन पदे एकाच वाक्यात नांदू शकत नाहीत, असेही एका विद्यार्थिनीने नम्रपणे दाखवून दिले. मराठीत लिहिणाऱ्यांची ही सोय फार जुनी आहे, एवढेच आम्ही तिला सांगितले. या प्रवासापुरते तरी ते ‘आम्ही’ अगदीच खोटे नव्हते, हे मात्र तिला सांगायचे राहिले.

कारण गाडी सरांची आणि आमची. सरांनी आम्हांला मोडी शिकवली. पुढे त्यांच्याच विभागात आम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. २००४ साली दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ही गाडी घेतली, ती तंजावरचे नाव काढूनच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे मराठी राज्य स्थापले आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे कावेरीच्या काठी मराठीत पत्रे, हिशेब, पदे, नाटके लिहिली गेली. शहाजीराजांची मराठी नाटके तिथली. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनी आजचे वैभव दिले ते दुसरे सरफोजीही तिथलेच. राजराजा चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींनी १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो प्रदीर्घ लेख सरांनी छापील प्रतीत इतक्या वेळा वाचला होता, की त्यातली काही वाक्ये त्यांच्या बोलण्यात येत. दगडावर मात्र तो त्यांनी कधी पाहिला नाही. दर हिवाळ्यात बेत ठरे आणि दर हिवाळ्यात परीक्षा, समित्या, घरातली आजारपणे आडवी येत. मग सरांना काचबिंदू झाला. आज त्यांना खिडकी कोठे आहे, एवढे कळते.

“तू जा,” ते म्हणाले. “भिंतीपुढे उभा राहा, मला फोन लाव आणि मोठ्याने वाच. घाई करू नकोस. जिथं दगड खराब झालाय तिथं ‘खराब’ म्हण.”

आम्ही तयारीला लागलो. तयारी म्हणजे यादी, हा मास्तरकीचा संस्कार. एकतीस कलमांची यादी करून आम्ही मिस्त्रींकडे गेलो. तीत क्लच होता, बेअरिंगे होती, शॉकअॅब्सॉर्बर होते, डिझेल पंप उतरवून दुरुस्त करणे होते, बॅटरी होती. सारे नवे घालावे आणि निर्धास्त निघावे, असा हिशेब. नाना पेठेतल्या दुकानांतून भावही काढून आणले होते. मिस्त्रींनी हात पुसून यादी वाचली आणि घडी घालून परत केली.

“सर, एवढं सगळं नवं बसवलंत, तर तुम्ही तंजावरला नाही चाललात, सामानाची ट्रायल घ्यायला चाललात. नवा भाग चांगला निघेल का खोटा, ते पहिल्या हजार किलोमीटरमध्ये कळतं. ते हजार तुम्ही पुण्यात काढणार, का घाटात?”

मग त्यांनी जे सांगितले, ते आम्ही वहीत उतरवून घेतले. गाडीतले भाग दोन जातींचे. एक सांगून जातो, दुसरा न सांगता जातो. सांगून जाणाऱ्याचे ऐकायचे आणि तो जोवर चालतो आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. न सांगता जाणाऱ्याचे मात्र काही ऐकायचे नाही. तो कितीही चांगला दिसो, तारीख भरली की काढायचा.

क्लच घसरू लागला, की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही; तो महिनाभर आधी सांगतो. चाकाचे बेअरिंग घुंई करते. ब्रेकचे पॅड करकरतात. बॅटरी सकाळी आळस देते. आमच्या डिझेल पंपाभोवती ओल दिसते, तेही सांगणेच. त्यामागचे एक कारण मिस्त्रींनी सांगितले ते आमच्यासारख्यांना रंजक वाटावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त दहा भाग असते. त्याआधी ही मर्यादा पन्नास होती आणि ही गाडी रस्त्यावर आली तेव्हा त्याहून कितीतरी अधिक. गंधक काढताना इंधनाची घडणच थोडी पालटते, आणि जुन्या इंधनात फुगून घट्ट बसलेल्या रबरी सीलना नवे इंधन मानवत नाही, ती आकसतात. हवेसाठी हे चांगलेच झाले. पण गाडी एका भाषेत वाढली आणि तिला उतारवयात दुसरी शिकावी लागली. ओल वाढली, की पंप हवा ओढू लागेल आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेईल. तेव्हा पाहू. तोवर फिल्टर नवा घालायचा, त्याच्या तळाशी साचलेले पाणी सोडायचे, एक फिल्टर बरोबर ठेवायचा आणि हातपंपाने लाइनमधली हवा कशी काढतात ते शिकून घ्यायचे. आम्ही ते तीनदा करून दाखवले; तिसऱ्यांदा उत्तीर्ण झालो.

दुसऱ्या जातीत पहिला मान टायमिंग बेल्टचा. वरच्या कॅमशाफ्टची गती खालच्या क्रँकशाफ्टशी जुळवून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा झाकणाआड असतो. तो आवाज करीत नाही, गळत नाही, तापत नाही. तुटतो तेव्हाच कळतो. आणि डिझेल इंजिनात तो तुटणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तेथे ठिणगी नसते. हवाच इतकी दाबायची, की तापलेल्या हवेत शिरताच डिझेल पेटावे. आमच्या गाडीच्या धर्तीच्या जुन्या इंजिनात हा दाब बावीसपटीच्या आसपास असतो. तेव्हा पिस्टन वर येतो तेव्हा जागा अशी उरतच नाही, आणि वेळ चुकलेले व्हॉल्व्ह थेट त्याच्यावर आदळतात. म्हणून बेल्ट किलोमीटरवर किंवा वर्षांवर बदलायचा, जे आधी भरेल त्यावर. त्याच्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सारे उघडणे परवडत नाही.

दुसरे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेते. रोजच्या शहरी रहदारीत काही जाणवत नाही. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. धर्मपुरी आणि सेलम यांच्यामध्ये तोप्पूरचा घाट लागतो. तेथला उतार मालमोटारींच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. मिस्त्रींनी ऑइल बदलले आणि वर बजावले: उतारावर गाडी खालच्या गिअरात ठेवा, आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद कराल तर माझं नाव घेऊ नका. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे डिझेलच्या इंजिनात आपोआप निर्वात तयार होत नाही. ब्रेकला हातभार लावण्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि इंजिन थांबले की तोही थांबतो. मग एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखे होतात.

तिसरे टायर. आमचे टायर आम्हांला उत्तम वाटत होते. नक्षी जवळजवळ नवी. मिस्त्रींनी टायरच्या बाजूवर बोट ठेवून चार आकडे वाचायला लावले: २३१७. २०१७ सालचा तेविसावा आठवडा. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवरून काळ ठरवणारे आम्ही. आमच्याच गाडीची पुष्पिका इतक्या वर्षांत वाचली नव्हती. चारही टायर बदलले. रेडिएटरचे रबरी पाइप बाहेरून काळेभोर आणि आतून भुसभुशीत निघाले, तेही गेले. एकतीस कलमांतली सहा उरली, आणि आम्ही लिहिली नव्हती अशी चार वाढली.

संध्याकाळी हे सारे सरांना सांगितले. ते हसले. “मी तुम्हांला पाठसंपादनात दुसरं काय शिकवलं होतं?” आणि ते खरेच होते. पोथीतला एखादा पाठ विचित्र असतो, व्याकरणाला अडतो. नवशिक्या संपादकाचे हात त्याला सुधारायला शिवशिवतात. सर म्हणत, त्याला राहू द्या. अडखळवणारा पाठ चुकीचा असला, तरी कोणीतरी अडखळेल आणि चूक सापडेल. भीती बाळगायची ती गुळगुळीत पाठाची. कोण्या हुशार लेखकाने जुने अवघड पद काढून तेथे सोपे, छंदात बसणारे पद घातलेले असते. तेथे कोणीच थांबत नाही, आणि चूक शतकानुशतके पुढच्या प्रतींत उतरत राहते. वाचताना थांबायला झाले नाही, तिथेच दुसरी प्रत उघडून पाहा, असे ते सांगत. आम्ही वर्गात हे पंचवीस वर्षे शिकवले आणि यादी करताना मात्र सारे विचित्र पाठ सुधारायला निघालो होतो.

काम पुरे झाल्यावर सरांनी गाडी ऐकायची इच्छा दाखवली. त्यांना गॅरेजात नेले. ते नेहमीच्या जागी, डावीकडे बसले. किल्ली फिरवून आम्ही हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, मग इंजिन सुरू केले. मिस्त्री समोर उभे. सरांनी काच खाली घेतली, बराच वेळ मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, “खडखड नेहमीचीच आहे. पण तिच्या मागं एक बारीक झणझण आहे. थोडा वेग वाढवला की थांबते.” आम्हांला काही ऐकू येत नव्हते. मिस्त्रींनी बॉनेटखाली हात घालून एक एक नळी धरून पाहिली. इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांना जखडणारी एक क्लिप सैल होती. अशी थरथरणारी नळी एक दिवस तडकते. क्लिप घट्ट झाली आणि झणझण गेली. “ह्या सरांना इथंच ठेवून जा,” मिस्त्री म्हणाले.

निघताना मिस्त्रींनी काढलेला बेल्ट आमच्या हाती दिला. दिसायला धड होता. आम्ही तो सरांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटा वाकवला, दातांच्या मुळाशी अंगठा फिरवला आणि एके ठिकाणी थांबले. पुन्हा फिरवला. दोन दातांच्या खाचेत केसाएवढी भेग होती.

“यादीत शेवटचं कलम लिही,” घरी आल्यावर ते म्हणाले. “ड्रायव्हर.”

आम्ही हसण्यावारी नेले. ते हसले नाहीत. मग त्यांनी पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. काचबिंदूत दृष्टी कडेने जाते. वाचायला मधली दृष्टी लागते, ती शेवटपर्यंत शाबूत राहते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला काही उणे वाटतच नाही. ते रोज मोडी वाचत होते, म्हणून त्यांचा समज असा की डोळे उत्तम आहेत. गाडी फाटकातून काढताना डावा आरसा दोन महिन्यांत तीनदा घासला, तेव्हा त्यांनी फाटकाला दोष दिला. “दुखलं असतं तर गेलो असतो,” एवढेच ते म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हांला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

आम्ही डोळे तपासून सहा वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी गेलो. डोळ्यातला दाब पाऱ्याच्या दहा ते एकवीस मिलिमीटरपर्यंत सामान्य मानतात. आमच्या उजव्या डोळ्यात तो सव्वीस निघाला. कडेच्या दृष्टीची तपासणी झाली. तीत फारसे काही हरवलेले नव्हते. रात्री झोपताना घालायचे थेंब मिळाले, दिवसा गाडी चालवायला मोकळीक मिळाली आणि तीन महिन्यांनी पुन्हा येण्याची तारीख मिळाली.

उद्या पहाटे निघायचे. हुबळी, तुमकूर, सेलम, तंजावर असे चार टप्पे आहेत; दिवस मावळायच्या आत थांबायचे. डिकीत डिझेल फिल्टर, पंख्याचा पट्टा, पाइपच्या क्लिपा, पाच लिटर कूलंट, दोरखंड. पुढे फास्टॅग, विमा, पीयूसी आणि पंधरा वर्षांनंतर दोनदा नूतनीकरण झालेले नोंदणीपत्र. पिशवीत शिलालेखाच्या छापील प्रतीची झेरॉक्स आणि थेंबांची बाटली. आज रात्री सरांकडे जाऊन आलो. गाडीची वही बरोबर नेली होती. त्यांनी ती वाचायला सांगितली, आम्ही वाचली. टायमिंग बेल्ट, तारीख, किलोमीटर, पुढचा केव्हा. ब्रेक ऑइल, पुढचे केव्हा. टायर, आठवडा आणि वर्ष. त्याखाली, त्याच शाईत, उजवा डोळा, सव्वीस, पुढची तपासणी केव्हा.

“बरोबर,” ते म्हणाले. “फोन चार्ज करून ठेव. लेख लांबलचक आहे.”