मास्तरांचे मार्क

२०२३ मध्ये अमोल मुझुमदार भारतीय महिला क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा आमच्या शिरवण्याच्या कट्ट्यावर वाद पेटला: जो भारताकडून एकदाही खेळला नाही, तो काय शिकवणार?

१९८८ साली शालेय सामन्यात सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी चालली होती, तेव्हा हा पॅड बांधून बसून होता. पुढे रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,०००च्या वर धावा. भारताची टोपी मात्र नाहीच.

२०२५च्या विश्वचषकात सलग तीन पराभव झाले आणि कट्टा पुन्हा तापला. मग २ नोव्हेंबरला, इथेच नेरुळला, त्याच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून चषक उचलला.

मी जन्मभर शिकवलं. कितीतरी विद्यार्थी माझ्या पुढे गेले. माझे मार्क कुणी विचारले नाहीत. तुम्हाला काय वाटतं?