आदिलाबादच्या अडवीत मुक्काम

"जंगल सरकारचे, म्हणजे आपलेच. मग तंबू ठोकायला कोणाला कशाला विचारायचे?" सहलीचा बेत ठरू लागला की माझे विद्यार्थी हे हटकून विचारतात. आदिलाबादच्या बाबतीत उत्तर एकच आहे. विचारावे लागते, आणि तेही घरून निघण्याआधी.

२०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. जुन्या नकाशावर भरवसा ठेवला तर चुकीच्या कचेरीत चकरा होतात. जन्नारम आता मंचेरियालमध्ये आहे, कडम धरण निर्मलमध्ये, तर कोमरम भीमचे जोडेघाट आसिफाबादमध्ये. कव्वालचे जंगल २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग मुक्काम दूरच. चूल तर विसराच. सागाचा वाळलेला पाचोळा पेटायला एक ठिणगी पुरते. मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि धपाटी बांधून नेतो. आपल्या बिदर-उदगीरकडच्या घरांना हे सांगायला नकोच.

मुक्कामाला मला गावाची हद्द बरी वाटते. गोंड गावात आधी पटेलाला भेटावे, हेतू सांगावा, आणि ते दाखवतील तिथेच पथारी पसरावी. सरकारदरबारी जमीन कोणाचीही असो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत. मोकळ्यावर कसे राहावे हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्याआधी मेसराम कुळाचे लोक अनवाणी चालत गोदावरीचे पाणी घेऊन येतात आणि पूजेपर्यंत वडांखाली उतरतात. जत्रेला जायचे तर त्या वडांखाली आपली सतरंजी टाकू नये. ती सहलीची जागा नव्हे.

कुंतला धबधबा मात्र आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातच, नेरडीगोंडा मंडलात आहे. कडम नदी इथे सुमारे १४७ फूट खाली कोसळते. पाहावा तो पावसाळा सरल्यावर, आणि वरूनच. खालचा डोह शांत दिसतो, पण तिथे माणसे बुडाली आहेत.

इथे आपल्या दुभाषी घरांतल्या मुलांचा उपयोग होतो. कन्नड वाचणाऱ्या मुलाला तेलुगू पाट्या बऱ्याचशा लागतात, कारण लिपी बहीण-बहीण आहेत. 'अडवि' म्हणजे रान, हे दोन्हीकडे सारखेच. पण 'प्रमादम्' या शब्दापाशी थांबावे. मराठीत आणि कन्नडमध्ये प्रमाद म्हणजे चूक. तेलुगूत त्याचा अर्थ धोका. 'लोतु' म्हणजे खोल. पाण्याजवळच्या पाटीवर हे दोन शब्द दिसले की पोरांना मागे घ्यावे. मी वर्गात फळ्यावर हे शब्द तेलुगू लिपीत लिहून देतो, मगच बसचे पैसे गोळा करतो.

नांदेडहून मुदखेड, किनवटमार्गे रेल्वे आदिलाबादला जाते. बाजारात मराठी सहज चालते. हा भाग तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांपैकी आहे. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर माणशी एक जाड रग घ्याच, शाल पुरत नाही.