पानिपतातला मुक्काम

संक्रांतीला पानिपतला मुक्कामी जाते आहे म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘अगं, पण तिथे राहायला काही आहे का?’’ आपल्याला पानिपत ‘झालं’ एवढंच माहीत. दिल्लीपासून नव्वद किलोमीटरवरचं, चादरी-कांबळ्यांच्या व्यापारानं गजबजलेलं ते एक शहर आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

आण्णांनी काही विचारलं नाही. तिळगुळाची पुडी तेवढी हातात ठेवली. आमच्या घराण्यातला एकजण भाऊसाहेबांबरोबर गेला तो परतलाच नाही, असं घरात सांगतात. त्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

१३ जानेवारीला संध्याकाळी पोचले. हॉटेल साधंच होतं. गरम पाणी बादलीनं मागवायचं, आणि पांघरायला भलं जड कांबळं. परदेशातून येणारे जुने लोकरी कपडे पिंजून इथेच पुन्हा सूत काढतात, त्याचं ते कांबळं, असं पोऱ्यानं सांगितलं. जेवायला लोणी घातलेले पराठे आले. पहिल्याच घासाला छावणी आठवली. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने भाऊंचा तळ इथेच होता. बरोबर बायका, यात्रेकरू असा मोठा लवाजमा. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उपासमार वाढली. त्यानंतर मला दुसरा पराठा गेला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण गेला. भूक लागली होती.

खाली दारात लोहडी पेटली होती. साठीच्या मालकांनी खुर्ची दिली, रेवड्या पुढे केल्या. इथेही तीळ नि गूळच!

‘‘काला अंब जाना है? आपके कोई थे वहाँ?’’

मी ‘हो’ म्हणून गेले आणि ओशाळले. किती वर्षं झाली त्याला! ते हसले नाहीत. १९४७ साली त्यांचे वडील झंगहून नेसत्या वस्त्रानिशी इथे आले होते. ‘‘आप देख तो सकती हैं. हमें तो वीज़ा चाहिए.’’ मला काही बोलायला सुचलं नाही. आम्ही दोघंही विस्तवाकडे बघत बसलो.

सकाळी दाट धुकं. काला अंब शहरापासून आठेक किलोमीटरवर. तिथलं आंब्याचं झाड केव्हाच गेलं. आता विटांचा स्तंभ आहे. १४ जानेवारीला इथे महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि स्वतःला मराठ्यांचे वंशज म्हणवणारे हरियाणातले रोड समाजाचे लोकही. फेटे बांधलेली मंडळी जमू लागली होती. त्यांची गर्दी व्हायच्या आत मी पुडी सोडली, तिळगूळ पायथ्याशी ठेवला. नाव घ्यावंसं वाटलं, पण घेणार कुणाचं?

निघताना मालकांनी रेवड्यांचा पुडा दिला. ‘‘बाऊजी के लिए.’’

घरी आल्यावर आण्णांनी तो देवापुढे ठेवला. लढाईचं, स्तंभाचं काहीच विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘थंडी फार असते का गं तिथे?’’

‘‘फार,’’ मी म्हटलं.