ठोकळ्यांची डोंगरगाडी

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'मी तयार केलेली वस्तू' हा विषय दिला आहे. कोणी मातीच्या बैलाविषयी लिहिले, कोणी आकाशकंदिलाविषयी. मी ठोकळ्यांच्या गाडीविषयी लिहिणार आहे. या गाडीला मोटार आहे आणि ती दगडांवरून व चढावरून चालते. आम्ही तिला डोंगरगाडी म्हणतो. आम्ही म्हणजे मी, माझा मित्र आणि माझी धाकटी बहीण.

माझे मामा पुण्याला एका सोसायटीत वॉचमन आहेत. तिथला एक मुलगा मोठा झाला, तेव्हा त्याने आपले ठोकळ्यांचे खोके मामांना दिले. मामांनी ते दिवाळीला आमच्याकडे आणले. खोक्यात लाल, पिवळे, काळे ठोकळे, भोकांच्या पट्ट्या, चार रबरी चाके, लहानमोठी दातेरी चक्रे, एक मोटार आणि सेलचा डबा एवढे सामान होते. गाडी कशी जोडायची ते सांगणारे पुस्तक मात्र नव्हते. मामा म्हणाले, "पुस्तक न्हाय ते बरंच झालं. आता डोकं चालवा."

हे ठोकळे लेगोचे आहेत. गुरुजींनी त्यांची माहिती सांगितली ती अशी. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे गाव आहे. तिथे ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाचे एक सुतार होते. त्यांनी १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९३४ साली त्यांनी कारखान्याला लेगो हे नाव दिले. त्यांच्या भाषेतल्या दोन शब्दांपासून ते झाले आहे आणि त्या शब्दांचा अर्थ 'छान खेळ' असा आहे. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना वर बटणे असतात आणि आत नळ्या असतात. बटणे नळ्यांमध्ये घट्ट बसतात. या युक्तीचा हक्क २८ जानेवारी १९५८ रोजी मागितला गेला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. गुरुजींनी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. मला वाटले, एवढ्या प्रकारांत एक तरी गाडी आपली असेलच.

आता डोंगरगाडीच का केली ते सांगतो. आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर वर आहे. ओढा ओलांडला की उभा चढ लागतो. वाटेत दगड आहेत आणि पावसाळ्यात चिखल होतो. मागच्या पावसाळ्यात आजीला एका रात्री लई ताप आला आणि श्वास लागला. दवाखान्याची गाडी आली, पण ती ओढ्यापाशीच थांबली. मग बाबा, काका आणि वस्तीवरची माणसे यांनी घोंगडीची झोळी केली, ती बांबूला बांधली आणि आजीला खाली नेले. मी पुढे बॅटरी धरून चालत होतो. दगडावरून पाय घसरला की झोळीला हिसका बसायचा आणि आजी कण्हायची. आजी आता बरी आहे. पण मला तो हिसका आठवतो.

म्हणून आम्ही आधी ठरवले की गाडी किती चढ चढली पाहिजे. बाबा गवंडीकाम करतात. त्यांची पाणसळ आणि शाळेची मीटरपट्टी घेऊन आम्ही वाटेवर गेलो. पट्टी आडवी धरायची, पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणायचा आणि पट्टीच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजायचे. सर्वांत उभ्या जागी एका मीटरला ३० सेंटीमीटर भरले. त्याच जागी माणसांनी झोळी खाली टेकवून दम घेतला होता.

मग शाळेत एक मीटर लांबीची फळी घेतली आणि तिच्या एका टोकाखाली विटा ठेवल्या. आमची वीट ७ सेंटीमीटर उंच आहे. चार विटांचे २८ सेंटीमीटर होतात, पाचांचे ३५ आणि सहांचे ४२. आम्ही ठरवले की गाडी सहा विटा चढली तरच पास. बहिणीने चिंधीची आजी केली आणि तिच्या पोटात पाव किलो वाळू भरली. ती आजी गाडीत बसलेलीच पाहिजे, असा नियम केला.

प्रथम मोटारीचा वेग जसा आहे तसाच चाकांना दिला. सपाट जागेवर गाडी अशी पळाली की वर्गाच्या दारातून बाहेर! पण फळीवर चार विटांच्या चढाला मोटार नुसती घूंघूं करायची आणि गाडी जागची हलायची नाही. मित्र म्हणाला, "मोटार लहान आहे, दुसरी आणायला पाहिजे." दुसरी कुठून आणणार?

त्याच वेळी आमच्या खालच्या रानात ट्रॅक्टर नांगरत होता. तो सडकेवर जोरात पळतो आणि नांगरताना गोगलगाईसारखा चालतो. मी ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारले, "काका, नांगरताना एवढं हळू का चालवता?" ते म्हणाले, "बाळा, हळू गिअर टाकला की जोर येतो. पळायचं आन् वढायचं, दोन्ही एका टायमाला व्हत न्हाय." हे ऐकून मी तसाच घरी पळालो.

खोक्यात ८, २४ आणि ४० दातांची चक्रे आहेत. ८ दातांचे चक्र तीन वेळा फिरते तेव्हा २४ दातांचे एकदा फिरते. ८ दातांचे पाच वेळा फिरते तेव्हा ४० दातांचे एकदा फिरते. आम्ही मोटारीला ८ दातांचे चक्र लावले आणि ते २४ च्या चक्राला भिडवले. त्या २४ च्याच आसावर दुसरे ८ चे चक्र बसवले आणि ते ४० ला भिडवले. म्हणजे तीन गुणिले पाच, पंधरा. मोटार पंधरा वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. वेग पंधराव्या हिश्शावर आला, पण जोर जवळजवळ पंधरापट झाला. थोडा जोर चक्रे एकमेकांना घासण्यात जातो, असे गुरुजी म्हणाले. पट्टीची भोके आठ आठ मिलिमीटरवर असतात. ८ आणि २४ ची चक्रे दोन भोकांच्या अंतरावर बरोबर भिडतात, ८ आणि ४० ची तीन भोकांच्या. हे कुठे वाचायची गरज पडली नाही. भोके मोजली की कळते.

आता जोर चारही चाकांना द्यायचा होता. दोनच चाके ओढत असली आणि ती गुळगुळीत दगडावर आली की गाडी अडकते. २४ दातांची चक्रे रांगेत लावली की फिरणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. पण शेजारची दोन चक्रे नेहमी उलटसुलट फिरतात. आम्ही आधी नुसत्या पट्टीवर रांग लावून पाहिली. रांगेत चार चक्रे असली तर पहिले आणि शेवटचे उलट दिशांना फिरतात. तशी गाडी केली तर पुढची चाके गावाकडे ओढतील आणि मागची डोंगराकडे! एका जुवाला जुंपलेले दोन बैल दोन दिशांना ओढू लागले तर काय होईल? रांगेत पाच चक्रे असली की दोन्ही टोकांची एकाच दिशेने फिरतात. म्हणून आम्ही पाच लावली. मधले चक्र वरून फिरवायला आणखी एक लागले आणि मोटारीजवळ आधीच एक होते. खोक्यात २४ ची सातच चक्रे होती, ती सातही लागली.

४० दातांचे मोठे चक्र मुद्दाम वरच्या आसावर ठेवले आहे. ते चाकांच्या आसावर असते तर खाली लोंबले असते आणि दगडाला घासले असते. आता गाडीच्या पोटाखाली दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा मोकळी राहते.

खोक्यात डिफरन्शिअल पण होते. त्यामुळे वळताना डावे आणि उजवे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू शकते. पण ट्रॅक्टरवाल्या काकांनी दाखवले की चिखलात त्याच्यामुळे एक चाक गरगर फिरत राहते आणि दुसरे गप्प बसते. मग काका पायाने एक पॅडल दाबतात. त्याला लॉक म्हणतात. लॉक दाबले की दोन्ही चाके बरोबर फिरतात. आमच्या गाडीला लॉक कोण दाबणार? म्हणून डिफरन्शिअल लावलेच नाही. दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवली. त्यामुळे गाडी वळत नाही, फक्त पुढे आणि मागे जाते. आमची परीक्षा सरळ चढाची होती, म्हणून ते चालले.

पाच विटांपर्यंत गाडी मजेत चढली. सहाव्या विटेला पुढची चाके उचलली गेली. आबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "पोरांनो, गाडी उलाळ झाली." बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. सेलचा डबा सर्वांत जड असतो आणि तो मागे होता. आम्ही तो पुढे आणि खाली आणला. चिंधीच्या आजीला पण मध्ये खाली निजवले. मग गाडी सहा विटा चढली! बहिणीने टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही गाडीचा वेग काढला. चाकावर खडूची खूण केली. बहिणीने घड्याळ पाहिले आणि मित्राने फेरे मोजले. सपाट जागेवर एका मिनिटात चाकाचे २५ फेरे झाले. म्हणजे मोटारीचे २५ गुणिले १५, ३७५ फेरे. मोटारीचे फेरे डोळ्यांनी मोजता येत नाहीत, पण गुणाकाराने मोजता येतात. चाकाला दोरा गुंडाळून घेर मोजला, तो २० सेंटीमीटर भरला. २५ गुणिले २० म्हणजे ५०० सेंटीमीटर. आमची गाडी एका मिनिटात ५ मीटर चालते.

मित्र म्हणाला, "लईच हळू आहे की रं." तेव्हा गुरुजींनी प्रज्ञानची आठवण करून दिली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि त्यातून प्रज्ञान ही गाडी बाहेर आली. तिला सहा चाके आहेत आणि तिचे वजन २६ किलो आहे. ती सेकंदाला १ सेंटीमीटर चालायची. म्हणजे मिनिटाला ६० सेंटीमीटर. आमची गाडी तिच्यापेक्षा आठपट जोरात पळते! पण चंद्रावर सडक नाही, खड्डे आणि दगड आहेत. तिथे पळणाऱ्या गाडीपेक्षा न उलटणारी गाडी पाहिजे.

गाडी घरी नेली आणि अंगणात दगडांवरून चालवून आजीला दाखवली. आजी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "ह्यात मानूस बसंल का रं?" मी म्हणालो, "आजी, ही खेळण्यातली आहे." आजी म्हणाली, "मोठी करशील तवा अशीच हळू ठेव. येळ लागला तरी चालंल, पन हिसका नको बसाय." आबा म्हणाले, "आन् गाडीसंगं वाट बी कराय पायजे. वाट चांगली असली तर साधी गाडी बी चढंल." मला दोघांचेही पटले. वाटेचे माप आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. गुरुजी म्हणाले की ते माप मोठ्या माणसांनाही उपयोगी पडेल. बाबा ती वही ग्रामसभेत दाखवणार आहेत.

गाडीचे थोडे काम अजून बाकी आहे. अंगणात एका बाजूला दगड आला की एक चाक हवेत राहते आणि त्याचा जोर फुकट जातो. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध खिळीवर डुलतो, म्हणून त्याची चारही चाके जमिनीला टेकतात. तसा डुलणारा आस करायचा आहे. पण त्याला दातेरी चक्रांची रांग कशी जोडायची यावर आमचा विचार चालू आहे. चिखलात गाडी नेता येत नाही, कारण मोटार भिजेल. तिच्यासाठी झाकण करणार आहोत.

मला यातून एक गोष्ट कळली. जोर पाहिजे असेल तर वेग थोडा सोडावा लागतो. मोटार तीच, सेल तेच, पण हळू चालली म्हणून गाडी चढली. वर्गात मला गणिताला वेळ लागतो, पण आता मी घाई करत नाही.

गाडी विज्ञान कोपऱ्यात ठेवली आहे. मधल्या सुट्टीत कोणीही पाहायला यावे. तिला सहा सेल लागतात आणि ते लवकर संपतात. ज्यांना चालवून पाहायची आहे त्यांनी येताना एक तरी सेल घेऊन यावा, ही नम्र विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी