जावयाची बेकरी, मुक्काम पोस्ट सावदा

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करायचा, बॉसची नजर चुकवून लिफ्ट गाठायची आणि रात्रीच्या गाडीने थेट भुसावळ. त्या जानेवारीतला हा माझा सलग तिसरा वीकेंड. मित्र लोणावळ्याला जातात, मी सावद्याला जातो. कारण सावदा ही माझी सासुरवाडी, आणि तिथे माझी वीस दिवसांची मुलगी होती.

सावदा कुठे, असं पुण्यात हमखास विचारतात. जळगाव जिल्हा, रावेर तालुका. पहाटे भुसावळला उतरायचं, तापी ओलांडायची आणि फैजपूरवरून पुढे यायचं. हो, तेच फैजपूर, जिथे डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. उत्तरेला सातपुडा धुक्यात बसलेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, केळी आणि केळीच. 2016 मध्ये जळगावच्या केळ्याला जीआय मानांकन मिळालं. देशातली हजारावी किसान रेल 3 फेब्रुवारी 2022 ला सुटली ती सावदा स्टेशनातूनच, दिल्लीच्या आदर्शनगरला केळी घेऊन. स्टेशन गावापासून लांब आहे, त्यामुळे रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच. भुसावळहून बसने आलात तर हा प्रश्नच नाही.

त्या शनिवारी माझ्या बॅगेत एक भारी पाकीट होतं. लॅक्टेशन कुकीज! पुण्यातल्या एका पॉश दुकानातून आठशे रुपयांना घेतलेल्या. पाकिटावर हसरी आई, हसरं बाळ. बायकोने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली आणि शांतपणे परत दिलं. ‘यात गव्हाचं पीठ आहे.’

इथे थोडा फ्लॅशबॅक. माझ्या बायकोला सिलिअॅक आहे. म्हणजे गहू, सातू यांच्यातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडतं. आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे सपाट होतात आणि कितीही खाल्लं तरी लोह अंगी लागत नाही. कॉलेजपासून तिचं हिमोग्लोबिन नऊच्या वर जायला तयार नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले. शेवटी लग्नानंतर रक्ताची टीटीजी चाचणी आणि एंडोस्कोपी झाली तेव्हा उलगडा झाला. याला औषध नाही. गहू बंद, आयुष्यभर, अगदी चिमूटभरसुद्धा.

आता हे बाळंतिणीच्या आईला सांगून बघा.

सासूबाईंनी दिवस भरायच्या आधीच मेथीचे लाडू करून ठेवले होते, तीन डबे. मेथी, सुंठ, गोडंबी, खारीक, खोबरं, सातपुड्यातला धावड्याचा डिंक आणि हे सगळं बांधून ठेवायला तुपात खमंग भाजलेली कणीक. लेक नको म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला. ‘लाडू खाल्ला नाही त पोरीले दूध कसं येईन?’ सावद्याचा हट्ट तसा ऐतिहासिक आहे. 1852 मध्ये इंग्रजांनी जमिनीची मोजणी आणली तेव्हा इथे हजारो माणसं विरोधात जमली आणि त्यांना पांगवायला पायदळ आणावं लागलं. माझ्याकडे पायदळ नव्हतं. शेवटी आईचं मन मोडवेना म्हणून दहाव्या दिवशी बायकोने एक लाडू खाल्ला. पुढचे तीन दिवस ती बाथरूम आणि पलंग यांच्यामध्ये होती, कुशीत बाळ, डोळ्यांत पाणी. मी पुण्यात एका क्लाएंट कॉलवर होतो. हे अजून टोचतं.

त्यानंतर सासूबाई लाडवांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तिन्ही डबे शेजारी वाटून टाकले आणि स्वयंपाकघरात गव्हाची शोधमोहीम सुरू केली. आम्हीही थक्क झालो अशा जागी तो सापडला. वरणातल्या हिंगात! बाजारातला बांधणीचा हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात घोळलेला असतो. दुसरी जागा गावातली गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी. मग नणंदेची घरघंटी तात्पुरती आमच्याकडे आली, साफ झाली, आणि तिच्यात फक्त दादर दळायची असा कायदा झाला.

दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. 2023 हे मिलेट्सचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून पुण्याच्या मॉलमध्ये ज्वारीला काय भाव आलाय ते तुम्हाला माहीत आहेच. इथे ती रोजची भाकर. खरं तर खानदेशी ताट बरंचसं ग्लुटेन-फ्रीच आहे: दादरची भाकर, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, दादरचे बिबडे, बेसनाची शेवभाजी (शेवेत हिंग कुठला, ते विचारायचं). घोटाळा फक्त लाडाकोडाच्या वेळी होतो. जावई आला की वरण-बट्टी, सण आला की खापरावरचे मांडे, लेक बाळंत झाली की मेथीचा लाडू. माया करायची म्हटलं की इथे गहूच लागतो.

म्हणून मी जाहीर केलं, आपण कुकीज करू. बिनगव्हाच्या. सासरे पेपरामागे हसले.

पहिली आयडिया गावातल्या भट्टीची. लहान गावात अजूनही घरचं पीठ, तूप, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणतात आणि भरलेला पत्र्याचा डबा घरी येतो. बायकोने एका वाक्यात निकाल लावला: त्या बेकरीत हवेतही मैदा असतो. ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, त्यापुढे भट्टीचा पत्रा म्हणजे मैद्याचा सातपुडा. मग माळ्यावरून तो गोल अॅल्युमिनियमचा, काचेच्या खिडकीचा ओव्हन निघाला. तुमच्याही आजीकडे होता ना? मी दोन तास घासला. आतलं भांडं मात्र नवीन आणलं.

पहिला घाणा फुकट गेला. दादरचं पीठ, तूप, गूळ, डिंक, सगळं घेतलं होतं. उचलायला गेलो तर कुकीचा भुगा. धरून ठेवणारं ग्लुटेनच नाही, मग धरणार कोण? मी मोबाइलवर झँथन गम शोधत बसलो. सासूबाई ओट्यापाशी आल्या, परातीत बोट घातलं आणि म्हणाल्या, ‘जवाईबापू, भाकर कधी थंड पाण्यात मळता का?’

झालं! दोन वाट्या पिठापैकी निम्मं त्यांनी पाव वाटी उकळत्या पाण्यात वाफवलं. पीठ चिकट झालं. त्यात एक पिकलेलं केळं कुस्करलं. उरलेलं पीठ, अर्धी वाटी कच्च्या केळ्याचं पीठ (चकत्या उन्हात वाळवून घरघंटीवर दळलेलं), पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी गूळ. तुपात फुलवून कुटलेला डिंक दोन चमचे, भाजलेले अळीव दोन चमचे, सुंठ, खारकेची पूड. चपट्या टिकल्या थापल्या, वीसेक मिनिटं भाजल्या. पुढची अट कडक: पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मी लावला. पुन्हा भुगा, पण एकच.

केळं आणि सिलिअॅक यांचं नातं मात्र आमच्या आधीचं आहे. न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने 1924 मध्ये या आजाराच्या मुलांना ब्रेड, बटाटा बंद करून भरपूर केळी खाऊ घातली. मुलं सुधारली, आणि श्रेय मिळालं केळ्याला. अनेक वर्षं अमेरिकेत केळी हाच इलाज होता. खरा गुन्हेगार पुढे विलेम डिके या डच डॉक्टरने पकडला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं बरी दिसली, ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 च्या त्याच्या प्रबंधात गव्हावर ठपका आला. हे सासऱ्यांना सांगितलं तर त्यांना फक्त पहिला भाग आवडला. ‘म्हणजे अमेरिकेत केळ्यावर पोरं बरी झाली!’ आता ते सगळ्या गावाला हेच सांगतात.

आणि दुधाचं काय? बायकोच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दूध वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट प्यायल्यामुळे. आईला सुरुवातीचे सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात, त्या लाडवातून येवोत की भाकरीतून. अमेरिकेत लॅक्टेशन कुकीजची रीतसर चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला: साध्या कुकीज खाणाऱ्या आयांपेक्षा दूध काही वाढलं नाही. आणि आईला सिलिअॅक नसेल तर केवळ बाळासाठी गहू सोडायची गरज नाही, तेव्हा उगाच फॅशन म्हणून सोडू नका. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं नाही. रात्री दोनला बाळ उठायचं, बायको एका हाताने त्याला धरायची आणि सासूबाई तिच्या दुसऱ्या हातात कुकी द्यायच्या. तिथे चाचणीचा निकाल वाचून दाखवण्याइतका मी मूर्ख नाही.

रविवारी संध्याकाळी निघालो. सासूबाई रिक्षापर्यंत आल्या. डब्यात बावीसपैकी सात कुकीज माझ्यासाठी, झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं ‘गहू नाही’. बुधवारी लंच टाइमला त्यांचा फोन आला. बाळ ठीक, लेक ठीक, दुसरा घाणा त्यांनी एकट्याने काढला, खसखस घालून.

‘शनिवारी येताना बटर पेपर आणा. आन् ते तुमचे आठशेचे बिस्किटं नेऊन टाका, इथं कोनी खात नाही.’